कालव्याच्या नादी लागू नका: ॲम्स्टरडॅममध्ये कसं फिरायचं

आमच्याकडे, ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टलफेनला, भारतातून पाहुणे आले, की पहिल्या दोन दिवसांत एक फोन हमखास येतो. "अरे, आम्ही कालवा सोडलेलाच नाही. सरळ चाललोय. पण स्टेशन काही येत नाही!"

सरळ चाललोय, हीच तर गंमत असते. ॲम्स्टरडॅमच्या कालव्याकाठी माणूस सरळ चालूच शकत नाही. कालवा हळूहळू वळत असतो, त्याच्याबरोबर आपणही वळतो, आणि अर्ध्या तासाने दक्षिणेऐवजी पूर्वेला तोंड करून उभे असतो. डोक्यातली दिशा मात्र जुनीच असते.

म्हणून ट्राम, मेट्रो, सायकल, बोट या सगळ्याआधी नकाशा समजून घेऊ. एक कांदा घ्या. त्याची गोल चकती कापा, चकतीचे मधोमध दोन तुकडे करा आणि एक तुकडा ताटलीत सपाट कड वरच्या बाजूला येईल असा ठेवा. झालं ॲम्स्टरडॅम. वरची सपाट कड म्हणजे उत्तरेचं 'आय' नावाचं रुंद पाणी. त्या कडेच्या मधोमध सेंट्राल स्टेशन. आणि कांद्याच्या पाकळ्या म्हणजे एकाबाहेर एक असलेले अर्धगोल कालवे: सगळ्यात आत सिंगल, मग हेरेनख्राख्त, कायझर्सख्राख्त आणि प्रिन्सेनख्राख्त. 'ख्राख्त' म्हणजे शहरातला कालवा. उच्चार घसा खाकरल्यासारखा करायचा असतो, तो जमला नाही तरी कोणी मनावर घेत नाही. नावांचा अर्थ लक्षात ठेवला की क्रमही राहतो: आधी सरदार-सावकार, मग सम्राट, मग राजपुत्र.

मराठीत कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं, आवर्तन आणि ऊस डोळ्यांपुढे येतो. हे कालवे वेगळे. सतराव्या शतकात, 1613 च्या सुमारास, दलदलीच्या जमिनीवर शहर वाढवायचं ठरलं तेव्हा ते आखून खणले. पाण्याचा निचरा व्हावा आणि व्यापाऱ्याचा माल बोटीतून थेट त्याच्या दारात यावा, हे दोन्ही त्यातून साधलं. जुन्या घरांच्या माथ्यावर आजही एक तुळई बाहेर आलेली दिसते आणि तिला हूक असतो. मालाची पोती दोराने वर ओढायची ती सोय. 2010 मध्ये युनेस्कोने या कालव्यांच्या पट्ट्याला जागतिक वारसा म्हटलं. म्हणजे हे कालवे शहराचे मूळचे रस्ते आहेत. आज मात्र कुठेतरी पोचायचं असेल, तर त्यांचा उपयोग सगळ्यात कमी.

पायी चालणाऱ्याने एवढंच धरून ठेवावं: कालवा ओलांडायचा, त्याच्या मागे मागे जायचं नाही. स्टेशनकडून बाहेर निघालात तर सिंगल, हेरेन, कायझर्स, प्रिन्सेन या क्रमाने पूल लागतील. उलट क्रमाने लागत असतील, तर तुम्ही आत शिरताय. पत्ता शोधतानाही एक युक्ती चालते. या तिन्ही मोठ्या कालव्यांवरचे घरक्रमांक वायव्येच्या ब्राउवर्सख्राख्तपासून सुरू होऊन ॲम्स्टल नदीच्या दिशेने वाढत जातात, आणि विषम क्रमांक आतल्या काठावर, सम बाहेरच्या. ॲन फ्रँकचं घर प्रिन्सेनख्राख्त 263, म्हणजे आतला काठ. चुकीच्या काठाने चालत गेलात तर घर समोर दिसतं, मधे पाणी, आणि पूल मागे राहिलेला. अंतरं तशी फार नाहीत. स्टेशनपासून लायड्सेप्लायन हा गजबजलेला चौक दोन किलोमीटरच्या आसपास आहे, रमतगमत अर्धा तास.

आता ट्राम. ट्राम कुठून जाते हे पाहिलं, की कांद्याची दुसरी बाजू समजते. पाकळ्या आहेत, पण मधून कापत जाणारे सरळ रस्ते मुळात फार थोडे, कारण सगळी ये-जा पाण्यावरून व्हायची. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गाड्या वाढल्या, कालव्यांना वासही मारत होताच. मग शहराने काही कालवे सरळ बुजवून टाकले. न्यूवेझायड्स फोरबुर्खवाल हा कालवा 1884 मध्ये बुजवला, रोझनख्राख्त 1889 मध्ये. स्टेशनसमोरचा दामराक आणि त्यापुढचा रोकिन या रस्त्यांवरही एकेकाळी पाणीच होतं. घोड्यांची ट्राम 1875 मध्ये आली, विजेची 1900 मध्ये, आणि रूळ साहजिकच या नव्या रुंद रस्त्यांवर पडले. आज 2 किंवा 12 नंबरच्या ट्रामने स्टेशनहून निघालात, तर पहिला टप्पा बुजवलेल्या कालव्यावरून जाता. 13 आणि 17 रोझनख्राख्तवरून जातात. नावात ख्राख्त आहे, पाणी थेंबभर नाही.

स्टेशनकडून बाहेर जाणाऱ्या ट्राम मुख्यतः चार रस्त्यांनी पाकळ्या कापतात: राडहाउसस्ट्राटवरून 13 आणि 17, लायड्सेस्ट्राटवरून 2 आणि 12, फायझलस्ट्राटवरून 24, उट्रेख्तसेस्ट्राटवरून 4. दुरुस्तीसाठी मार्ग वळवलेले असतात ते सोडा, पण एरवी हे चार रस्ते ओळखीचे झाले की मधल्या शहरात हरवणं अवघड.

यातला लायड्सेस्ट्राट एकदा तरी ट्रामने जाऊन पाहाच. गल्ली इतकी अरुंद, की दोन ट्राम शेजारून जाऊच शकत नाहीत. म्हणून तिथे दोन्ही दिशांचे रूळ एकमेकांत गुंफले आहेत, एका वेळी एकच ट्राम जाईल असे. मात्र कालव्यावरचे पूल गल्लीपेक्षा रुंद. तिथे रूळ सुटे होतात आणि ट्राम एकमेकींना ओलांडतात. एक ट्राम पुलावर थांबून राहते, समोरची गल्लीतून येते, ती गेली की ही आत शिरते. कोकणातल्या एकेरी रेल्वेवर क्रॉसिंगसाठी गाडी थांबते ना, अगदी तेच. फक्त इथे क्रॉसिंग पाण्याच्या वर होतं, आणि खोळंबा अर्ध्या तासाचा नसतो.

तिकिटाचं प्रकरण बाहेरून किचकट वाटतं, पण आहे साधं. ट्राम, मेट्रो, बस आणि पाण्यापलीकडे नेणाऱ्या बोटी शहराची जीव्हीबी ही वाहतूक कंपनी चालवते. गाडीत रोख पैसे चालत नाहीत. 2023 पासून देशभर ओव्हीपे नावाची सोय आहे: आपलं बँकेचं कार्ड किंवा फोन यंत्राला लावायचा, बस. चढताना लावायचा आणि उतरतानाही लावायचा. आपल्याला 'कंडक्टर येईल, तिकीट देईल' ही सवय, त्यामुळे चढताना आठवतं, उतरताना हमखास राहतं. भाडं म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम आणि वर किलोमीटरप्रमाणे पैसे. उतरताना कार्ड लावलं नाही, तर तुम्ही कुठे उतरलात हे यंत्राला कळत नाही आणि ते जास्तीचे पैसे धरून ठेवतं. उतरून 35 मिनिटांच्या आत दुसरी गाडी पकडली, तर सुरुवातीची रक्कम पुन्हा लागत नाही.

यातल्या तीन बारीक गोष्टींवर लोक अडकतात. एक, माणशी एक कार्ड. नवऱ्याच्या कार्डावर बायकोचं तिकीट निघत नाही. दोन, चढताना फोन लावला आणि उतरताना त्याच बँकेचं प्लास्टिकचं कार्ड, तर यंत्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रवासी: एक कधी उतरलाच नाही, दुसरा आत्ताच चढला. तीन, भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करून या. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नव्या कार्डांवर या दोन्ही गोष्टी आपण सांगितल्याशिवाय चालू होत नाहीत. फाटकापाशी उभं राहून, मागे रांग लागलेली असताना, मुंबईच्या नंबरवर ओटीपी येण्याची वाट पाहणं हा फार केविलवाणा अनुभव आहे. दिवसाचा पास काढला तरी प्रत्येक गाडीत तो चढता-उतरता लावावाच लागतो. आणि पास काढण्याआधी हिशोब करा. दिवसाला दोन-तीन छोटे प्रवास असतील, तर कार्ड लावत गेलेलं बहुधा स्वस्त पडतं.

विमानतळावरून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मधेच सांगतो. सगळे डोळे मिटून सेंट्रालची गाडी धरतात. ती चांगलीच आहे, पंधरा-सतरा मिनिटांत पोचवते. पण मुक्काम शहराच्या दक्षिण भागात असेल, तर झाउद स्टेशन स्किपोल विमानतळाहून जास्त जवळ आहे, आणि तिथून मेट्रो मिळते. संग्रहालयांच्या भागात राहणार असाल, तर 397 नंबरची बस थेट तिकडे जाते. बॅगा घेऊन सेंट्रालच्या गर्दीत शिरायचं आणि तिथून उलटं दक्षिणेला यायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

मेट्रोबद्दल पर्यटकांच्या पुस्तिकांत दोन ओळी असतात, पण या शहरात मेट्रोइतकं भांडण दुसऱ्या कुठल्या गाडीवरून झालं नसेल. जमीन चिखलाची, घरं लाकडी खांबांवर उभी. अशा ठिकाणी बोगदा कसा खणायचा? पहिल्या मार्गासाठी न्यूवमार्क्त भागातली जुनी घरं पाडायला काढली, तेव्हा 1975 मध्ये रस्त्यावर दंगली झाल्या. मेट्रो 1977 मध्ये सुरू झाली, पण पुढचे बेत शहराने बरीच वर्षं बासनात गुंडाळून ठेवले. मग उत्तर-दक्षिण मार्ग. त्याच्या खोदकामात 2008 मध्ये फायझलख्राख्तवरची जुनी घरं खचली, लोकांना बाहेर काढावं लागलं, खर्च तीन अब्ज युरोंच्या वर गेला. अखेर 22 जुलै 2018 ला 52 नंबरची मेट्रो धावली. साडेनऊ किलोमीटरच्या वर अंतर, सोळा मिनिटांच्या आसपास. आता ती नसलेलं शहर आठवतसुद्धा नाही. ज्या कालव्यांना वळसे घालत सगळे फिरतात, त्यांच्या खालून ती सरळ जाते. रोकिन स्टेशनवर घाई नसली तर सरकत्या जिन्यांच्या मधे पाहा. खोदताना जुन्या नदीपात्रात सापडलेल्या हजारो वस्तू काचेखाली मांडल्या आहेत: किल्ल्या, नाणी, भांडी, चिलमी. शतकानुशतकं लोकांच्या हातून पाण्यात पडलेलं सगळं.

आणि सायकल. 'सायकल त्यांच्या रक्तातच आहे' असं आपण म्हणतो, ते खरं नाही. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं आणि नंतर राहिलं नाही. ॲम्स्टरडॅमही त्याच वाटेने निघालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, चौक मोटारतळ झाले. 1965 मध्ये प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या खोडकर चळवळीने सायकली पांढऱ्या रंगवून कोणीही वापराव्यात म्हणून कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण काय, तर कुलूप न लावता सायकल ठेवणं नियमात बसत नव्हतं. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये वर्षाला तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरत होती, त्यांत शेकडो लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांच्या हत्या थांबवा' असं होतं. त्यातच 1973 चं तेलसंकट आलं. 4 नोव्हेंबर 1973 ला पहिला मोटारबंद रविवार पाळला गेला आणि लोकांनी मोकळ्या हमरस्त्यांवर सायकली, घोडे, स्केट्स आणले. पुढच्या दशकांत सायकलींचे वेगळे रस्ते झाले, ते या दबावातून.

आज या शहरात माणसं नऊ लाखांवर आणि सायकलीही जवळपास तितक्याच. त्यांच्यात शिरण्याआधी निदान चालणाऱ्याने काय करायचं ते शिकून घ्या. लालसर डांबराचा पट्टा हा फुटपाथ नाही. तिथे उभं राहून फोटो काढू नका. ओलांडताना दोन्हीकडे पाहा आणि मग एकसारख्या चालीने जा. घंटी वाजली की आपण भारतीय दचकून मागे येतो. हे सगळ्यात घातक. सायकलवाल्याने तुमची चाल पाहून तुमच्या मागून जायचं आधीच ठरवलेलं असतं, आणि तुम्ही नेमके तिथेच परत येता.

सायकल भाड्याने घेतलीत, तर आधी ब्रेक कुठे आहेत ते विचारा. इथल्या बऱ्याच साध्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पॅडल उलटं दाबलं की थांबते. आपल्याला थांबल्यावर पॅडल मागे फिरवून पाय जुळवायची सवय; इथे तसं केलंत की चाक जागच्या जागी अडतं. वळताना हात दाखवायचा. जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची रांग असेल आणि टोकं तुमच्याकडे असतील, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. डच लोक त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. खुणा नसतील तर उजवीकडून येणारा आधी, आणि ट्राम जवळपास नेहमीच आधी. ट्रामचे रूळ तिरके ओलांडू नका; चाक फटीत अडकलं की माणूस खाली. हातात फोन घेऊन सायकल चालवायला 2019 पासून बंदी आहे. काही रस्त्यांवर 'मोटार इथे पाहुणी आहे' असा फलक दिसेल. तिथे मोटारीने सायकलच्या मागून निमूट यायचं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही मोटारवाल्याला हा फलक दाखवून त्याचा चेहरा पाहायला मला फार आवडेल.

कुलपं दोन लावा: एक मागच्या चाकाचं, दुसरी साखळी, आणि साखळी पुढच्या चाकातून आणि सांगाड्यातून घेऊन कठड्याला. न बांधलेल्या सायकली चोरीला तरी जातात, नाहीतर कालव्यात. दर वर्षी हजारो सायकली पाण्यातून यारीने बाहेर काढतात. स्टेशनसमोर लावायची असेल तर आता उत्तम सोय आहे: जानेवारी 2023 मध्ये पाण्याखाली सात हजार सायकलींचा तळ सुरू झाला, पहिले चोवीस तास फुकट. एवढा सगळा पाण्याखालचा खटाटोप, तोही सायकली उभ्या करायला! रायक्सम्युझियमच्या पोटातून तर सायकलींचा रस्ताच जातो. 2013 मध्ये दुरुस्तीनंतर संग्रहालय उघडलं, तोवर हा रस्ता ठेवायचा की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. सायकलवाले जिंकले.

तरी पहिल्याच दिवशी, सकाळी साडेआठला, शहराच्या मधोमध सायकल घेऊन उतरू नका. ती कामावर जाणाऱ्यांची वेळ, आणि ते कोणाला दयामाया दाखवत नाहीत. दुपारी फोंडेलपार्कमध्ये हात बसवा, मग या.

मोटारीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही: घेऊ नका. डिसेंबर 2023 पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी तीसची मर्यादा आहे, आणि मध्यभागात गाडी लावण्याचा तासाचा दर ऐकून जेवण जात नाही. शिवाय कालव्यांच्या काठच्या भिंतीच थकल्या आहेत. घोडागाड्यांच्या काळच्या, लाकडी खांबांवर उभ्या. 1 सप्टेंबर 2020 ला ख्रिम्बुर्खवालचा काठ पाण्यात कोसळला. जड वाहनांवर निर्बंध आहेत, जागोजागी भिंती नव्याने बांधणं चालू आहे. 'रस्ता बंद' आणि 'ट्राम वळवली' या फलकांमागे बहुतेकदा हेच कारण असतं.

मग बोटी? कालव्यातल्या काचेच्या छताच्या बोटी सुटतात तिथेच परत येतात. त्या प्रवासासाठी नाहीत, पाहण्यासाठी आहेत. एकदा बसाच, कारण घरं पाण्याच्या पातळीवरून पाहण्यासाठीच बांधल्यासारखी दिसतात. पण एकेकाळी याच देशात बोटीची ठरल्या वेळेची प्रवासी सेवा होती. 1632 मध्ये ॲम्स्टरडॅम ते हारलेम सरळ कालवा खणला आणि काठावरच्या घोड्याने ओढायची बोट सुरू झाली. वाटेत हाल्फवेख, म्हणजे 'अर्ध्या वाटेवर' नावाच्या गावात बांध होता, तिथे उतरून पलीकडच्या बोटीत बसावं लागे. वेग चालण्यापेक्षा थोडासाच जास्त, पण वेळापत्रक पक्कं. 1839 मध्ये देशातली पहिली रेल्वे याच दोन गावांमध्ये धावली आणि घोड्यांची सद्दी संपली.

आज खरोखर कुठेतरी पोचवणारं पाणी एकच, स्टेशनमागचं 'आय'. स्टेशन 1889 मध्ये पाण्यात भर घालून केलेल्या बेटांवर बांधलं, तेव्हा शहराचा आणि पाण्याचा संबंध तुटला म्हणून लोक चिडले होते. आता स्टेशन आरपार ओलांडून मागच्या दाराने बाहेर पडलात की समोर निळ्या-पांढऱ्या बोटी. पलीकडच्या नोर्ड भागाला शहराशी जोडणारा चालण्याचा किंवा सायकलचा पूल इथे नाही. खालचा 1968 चा बोगदा मोटारी आणि बसचा. म्हणून या बोटी फुकट आहेत, कार्ड लावायचं नाही, काही नाही. धक्क्यावर फक्त गावाचं नाव वाचा, कारण शेजारी शेजारी उभ्या बोटी वेगवेगळीकडे जातात. बाउक्स्लोटरवेखची बोट पाच मिनिटांत पलीकडे नेते. एनडीएसएमची जुन्या जहाजबांधणीच्या आवारात जाते, पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि शहर पाण्यावरून पाहायला याहून स्वस्त बोट नाही. परतताना घड्याळाकडे लक्ष ठेवा. एनडीएसएमची बोट रात्री बंद होते, बाउक्स्लोटरवेखची रात्रभर चालते. शेवटची चुकलीच तर काठाकाठाने बाउक्स्लोटरवेखपर्यंत या. कालव्याकाठी चालू नका म्हटलं होतं, पण 'आय' काही कालवा नव्हे. पाणी उजव्या हाताला ठेवा, चुकणार नाही.